बोलत चालवायचं

सासरे : झाकणाला हात लावायच्या आधी हात पुसा, जावईबापू. तेलकट हातांनी मशीनला शिवायचं नाही, हा आमच्या डेपोचा नियम होता.

जावई : हात स्वच्छ आहेत.

सासरे : दुकानातल्या गिऱ्हाइकांशीही असंच तुटक बोलता का?

जावई : गिऱ्हाइकं माझे हात तपासत नाहीत. अर्धा दिवस दुकान बंद ठेवून खाली आलोय. काय बिघडलंय ते सांगा.

सासरे : काय बिघडलंय! काय बिघडलेलं नाही ते विचारा. आठ महिन्यांपूर्वी माझ्या वाढदिवसाला हे कॉम्प्युटरचं डबडं तुम्ही इथे आणून ठेवलंत. ‘स्वतःच्या हातानं जोडलंय बाबा, यावर गेममधला ट्रक चालवा, वेळ बरा जाईल.’ कुठले कुठले जुने भाग गोळा केलेत देव जाणे. चालू व्हायला सात मिनिटं घेतं. घड्याळ लावून बघतो मी. सात मिनिटांत माझी बस गाव मागे टाकून हमरस्त्याला लागलेली असायची.

जावई : पहिल्या दिवशी चाळीस सेकंदांत सुरू झालं होतं. तुमच्या डोळ्यांदेखत.

सासरे : पहिल्या दिवशी तुम्हीही फार गोड बोलला होतात.

जावई : आणखी काय होतंय?

सासरे : ट्रक रस्त्यावर घेतला की गचके. गिअर टाकला, गचका. वळण आलं, गचका. एखाद्या शिकाऊ पोरानं क्लच सोडावा तसं. तेही एक वेळ चालवून घेतलं असतं, पण ते उड्या मारतं त्याचं काय?

जावई : उड्या?

सासरे : चित्र उडी मारतं. आत्ता ट्रक पुलाच्या अलीकडे आहे, माझ्या हातात आहे, आणि पुढच्या क्षणी पुलाच्या पलीकडे, कठड्यात घुसलेला! मधला रस्ताच गायब. रस्ता खातंय तुमचं मशीन.

जावई : किती वेळा होतं असं?

सासरे : कधी दिवसातून एकदा, कधी तीनदा. आधी नव्हतं. दोन-अडीच महिन्यांत वाढलंय. पण तुम्हाला कुठून कळणार? वरच्या मजल्यावर राहता, चौदा पायऱ्या आहेत मध्ये. आठ महिन्यांत एकदा उतरून विचारलंत का, की बाबा, मशीन कसं चाललंय?

जावई : तुम्ही बोलावलं नाहीत.

सासरे : बोलवावं लागतं?

लेक : अहो बाबा, काय हे! स्वयंपाकघरापर्यंत आवाज येतोय. दहा मिनिटं नाही झाली याला येऊन, आणि तुमचं सुरू.

सासरे : तुझा नवरा सुरू झाला.

जावई : मी अजून झाकणही उघडलेलं नाही.

लेक : मग उघड. आणि बाबा, तुम्ही जरा गप्प बसा.

सासरे : माझ्या घरात मी का गप्प बसू? आणि हे बघ, सव्वाबाराला मला गाडी काढायची आहे. साडेबाराला तुझ्या चिंगीची शाळा सुटते. तोवर उरका म्हणावं.

जावई : बाबा, हे काय आहे?

सासरे : काय म्हणजे? कव्हर.

जावई : कॉम्प्युटरला?

सासरे : रेक्झिनचं. डेपोत सीटा बदलल्या तेव्हा तुकडा मागून आणला होता. मी स्वतः शिवलंय, दुहेरी टीप घालून. आत धुळीचा कण जाणार नाही. बटणापुरतं भोक ठेवलंय, बघा, काज केलंय त्याला.

जावई : आणि हवा?

सासरे : हवा कशाला? आत कोण बसलंय?

लेक : बाबा!

जावई : आत पंखे आहेत. ते गरम हवा बाहेर टाकतात. तुम्ही रेडिएटरला रजई गुंडाळून घाट चढाल का?

सासरे : देताना सांगायचं होतं. गाडी देताना कंपनी पुस्तक देते. तुम्ही काय दिलंत? लाल फीत बांधून दिलंत.

जावई : चालू करतो. थांबा, तापमान बघू दे. पंचाण्णव. काही न करता पंचाण्णव डिग्री. बिचारं जळून गेलं नाही हेच नशीब.

सासरे : ‘बिचारं’ म्हणे. मशीनची दया येते, माणसांची नाही.

जावई : आणि हे सुरू होताना एवढं काय काय उठतंय? ‘तुमचा कॉम्प्युटर वेगवान करा.’ हा एक. हा दुसरा. हा तिसरा. तीन कोणी टाकले?

सासरे : हळू चालत होतं म्हणून मी एक टाकला. त्यानं काही झालं नाही म्हणून दुसरा.

जावई : आणि तिसरा?

सासरे : तो आपोआप आला. मी फक्त ‘हो’ म्हटलं.

जावई : कशाला हो म्हटलं?

सासरे : जे जे विचारलं त्याला. नाही म्हटलं की पुढेच जात नाही ते.

जावई : एका बसला तीन ड्रायव्हर बसवलेत तुम्ही. तिघंही ब्रेकवर पाय ठेवून बसलेत.

लेक : हसू येतंय मला.

सासरे : हस. बापाची फजिती झाली की लेकीला हसू येणारच.

जावई : तिन्ही काढतोय. हे खालचे चौदा फालतू प्रोग्रामही. कव्हर पुन्हा घालायचं नाही. आता मागची बाजू बघतो, जरा टेबल ओढू दे.

सासरे : सांभाळून! ते स्टिअरिंग टेबलाला आवळलंय. पेडल खाली चिकटपट्टीवर आहेत. ओरखडा नको.

जावई : नाही पडत ओरखडा.

सासरे : माहितीय तुमचा हात. नळाची चकती बदलली होतीत, अख्खी मोरी भरली होती.

जावई : ...

सासरे : का हो? लागलं मनाला? एकदम गप्प का झालात?

जावई : बघतोय.

सासरे : बघताय तर बोला. काम करणाऱ्यानं बोलत काम करावं. छत्तीस वर्षं नोकरी केली मी, त्यातली अकरा शिकाऊ ड्रायव्हरांना शिकवण्यात. चाकावर बसवायचो आणि सांगायचो, बोलत चालवायचं. जे दिसतंय ते तोंडानं बोलायचं. पुढे वळण, मागून मोटरसायकल, डावीकडे म्हातारी, दुसरा गिअर. तोंड चालू तर डोकं चालू. आणि बोलणं मध्येच थांबलं, की...

लेक : की बस बाजूला घ्यायची, चाक काढून घ्यायचं, आणि ज्याचं बोलणं थांबलं त्याला मागच्या सीटवर बसवायचं. पाठ आहे आम्हाला.

सासरे : बसवायचोच. मोठ्या साहेबांच्या भाच्यालाही बसवलंय. चार सेकंद थांबलं होतं त्याचं तोंड. हातापाया पडला, नाही ऐकलं. पन्नास माणसं असतात पाठीमागे.

लेक : मलाही बसवलंत. अठराची होते मी. रस्त्यात कुत्र्याचं पिल्लू आलं म्हणून क्षणभर वाचा बसली माझी. त्यानंतर आजतागायत मी चाकाला हात लावलेला नाही.

सासरे : तुला दुखवायला नव्हतं केलं ते.

लेक : माहितीय. तरी दुखलं.

सासरे : आता तो विषय नको. विषय हा आहे की जावईबापू अजून गप्प आहेत. का?

जावई : केबल चुकीच्या जागी आहे.

सासरे : कुठली केबल?

जावई : स्क्रीनची. आत एक ग्राफिक्स कार्ड आहे, ते चित्र काढतं. सगळ्यात महागडा भाग. केबल त्याच्यात लावायला हवी. ही वरच्या दुसऱ्याच खाचेत लावलेली आहे. म्हणजे मोठं इंजिन नुसतंच बसून होतं, आणि ट्रक ओढत होतं स्कूटरचं इंजिन. गचके त्यामुळे.

सासरे : असं. आणि कोणी लावली ती तिथे? मी तर मागे हातही घातलेला नाही. तुम्हीच बजावलं होतंत, मागच्या केबलींना हात लावू नका म्हणून. मग कोणी लावली?

लेक : बाबा, पुरे.

सासरे : नाही, कळू तर दे. पोरी, तू लावलीस का?

जावई : मी लावली. त्या दिवशी घाई झाली होती. माझी चूक.

सासरे : अहाहा! कानांना काय गार वाटलं. पुन्हा म्हणा.

जावई : माझी चूक आहे.

सासरे : आठ महिने! आठ महिने मी इथे बसून स्वतःला शिव्या घालतोय, की म्हाताऱ्या, तुला जमत नाही हे. आणि हे कारागीर! दुकानावर केवढी पाटी, ‘खात्रीशीर दुरुस्ती’!

जावई : चूक कबूल केली ना? आणखी काय करू, उठाबशा काढू?

सासरे : काढा. दारात काढा, चारचौघांना दिसतील अशा.

लेक : मी जाते वर. तुमचं दोघांचं झालं की हाक मारा. काय राहिलं शिल्लक तर.

जावई : गेली ती. झालं. चालू करून दाखवतो. बघा, अडतीस सेकंद. आता ट्रकचा गेम. बाबा, हे कोपऱ्यात बघा. ही हिरवी रेघ दिसतेय?

सासरे : दिसतेय. आंधळा नाही मी.

जावई : मशीन जरा जरी अडखळलं, तरी ही रेघ टोक काढून वर जाते. नीट चाललं तर सरळ. अर्ध्या सेकंदाचाही गचका लपत नाही तिच्यापासून. मान्य?

सासरे : म्हणजे ही साक्षीदार.

जावई : हो.

सासरे : फितूर तर नाही ना? तुमच्याच दुकानातली आहे.

जावई : चालवा, आणि ठरवा.

सासरे : बाजूला व्हा. सीट बरोबर. आरसे बघितले. गाडी सुरू. पहिला गिअर. हं. दुसरा. समोर मोकळं. पुढे चौक, सिग्नल हिरवा. डावीकडून पिवळी बस निघतेय, तिला वाट देतो. तिसरा.

जावई : गचके?

सासरे : नाहीत. आत्तातरी नाहीत. लगेच शेफारून जाऊ नका.

जावई : रेघ?

सासरे : सरळ आहे. चौथा गिअर. लोण्यासारखं चाललंय, खोटं कशाला बोलू. उतार लागला. पुढे पूल, पुलाच्या तोंडाशी वळण. समोरून टँ—

जावई : हं, पुढे?

जावई : बाबा, वळण आलं. फिरवा.

जावई : बाबा?

सासरे : —कर येतोय, त्याला जागा... हे बघा! हे बघा! मारली उडी! घुसला कठड्यात! बघितलंत ना डोळ्यांनी?

जावई : उडी नाही मारली.

सासरे : नाही मारली? टँकर पुलाच्या त्या टोकाला होता, आत्ता बघतोय तर गायब! आणि ट्रक कठड्यात!

जावई : टँकर शेजारून निघून गेला. तुम्ही वळण घेतलं नाहीत. ट्रक सरळ गेला आणि कठड्याला लागला. मी बघत होतो. आणि रेघ बघा. सरळ आहे.

सासरे : रेघेचं कौतुक मला सांगू नका!

जावई : तुम्हीच मान्य केलं होतंत.

सासरे : छत्तीस वर्षं एक आरसा फुटला नाही माझ्या हातून, आणि मी वळण घेतलं नाही? हे मला तुम्ही सांगणार? केबल कुठे लावायची ते कळत नाही ज्याला, तो?

जावई : बाबा, तुम्ही बोलता बोलता थांबलात. मी हाक मारली.

सासरे : कोणी हाक मारली? कोणीही मारली नाही. हां. हां, आलं लक्षात. आता सगळं लक्षात आलं.

जावई : काय आलं?

सासरे : डाव. गेल्या महिन्यात गाडी फाटकाच्या खांबाला घासली, तेव्हापासून वर कुजबुज चाललीय तुमची. छत पातळ आहे, ऐकू येतं मला. ‘आता बाबांना गाडी नको. चिंगीची ने-आण नको.’ मी शंभरदा सांगितलं, सायकलवाला आडवा आला, त्याला वाचवायला चाक ओढलं. पण नाही. आणि आज मशीनच्या तोंडून वदवून घेताय, की म्हातारा कामातून गेला!

जावई : मी मशीन दुरुस्त करायला आलोय.

सासरे : मशीन नाही, मला दुरुस्त करायला आलाय! ऐका, जावईबापू. माणूस निवृत्त झाला की घड्याळ भिंतीवर नुसतं टांगलेलं असतं. माझ्या घड्याळाला दिवसातून एकच काम उरलंय, सव्वाबाराचं. ती पोरगी दप्तर फेकून गाडीत चढते आणि म्हणते, ‘चला, ड्रायव्हर.’ तेवढ्यासाठी मी सकाळी दाढी करतो. ते तुम्ही काढून घेणार?

जावई : मला काही काढून घ्यायचं नाही!

सासरे : ओरडू नका माझ्यावर.

जावई : ओरडणार! नऊ वर्षं झाली लग्नाला, नऊ वर्षं ऐकून घेतोय. माझं लायसन्स आहे, दुकानाची व्हॅन रोज चालवतो, तुमच्या गाडीला मात्र माझा हात चालत नाही. चिंगीला दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा मला मागे बसवलंत, पिशव्यांशेजारी! माझी मुलगी होती ती!

सासरे : रस्ता खराब होता त्या दिवशी.

जावई : रस्ता नेहमीच खराब असतो तुमचा! हा कॉम्प्युटर मी भंगारातून नाही जोडला. चार महिने रोज रात्री दुकान बंद केल्यावर एकेक भाग बसवत होतो. का, तर बस हातातून सुटल्यापासून तुम्ही खिडकीशी बसून रस्त्यावरच्या गाड्यांचे गिअर टाकत बसायचात. हात हलायचा तुमचा. मला बघवत नव्हतं.

लेक : झालं? तुमच्या ओरडण्यानं वरच्या घरातली भांडी वाजायला लागली, म्हणून आले. काय चाललंय?

सासरे : तुझ्या नवऱ्यानं निकाल दिलाय. मशीन उत्तम, सासरा खराब.

जावई : तू बस इथे. बाबा, अजून एकदा चालवा. या वेळी रेकॉर्डिंग लावतो. स्क्रीन, रेघ आणि खोलीतला आवाज. तुम्ही म्हणता मशीन रस्ता खातं, तर खाल्लेला रस्ता रेकॉर्डिंगमध्ये सापडणार नाही. मी हरलो तर दारात उठाबशा काढतो.

सासरे : लावा! लावाच. आणि पोरी, तू साक्षीला बस. नजर हलवू नकोस पडद्यावरून.

जावई : पडद्याकडे नाही. तू बाबांकडे बघ.

सासरे : माझ्याकडे काय बघायचंय? माझा काय फोटो काढायचाय?

जावई : माझ्यासाठी बघ. फक्त बघ.

लेक : बरं.

सासरे : गाडी सुरू. आरसे. पहिला. दुसरा. हे बघा, हात कसे चाललेत. पुढे गाव, वेग कमी...

लेक : अकरा वाजून वीस झाले. अर्धा तास झाला. काहीच नाही झालं.

सासरे : होईल कसं? चोर पकडला जाणार म्हटल्यावर साळसूद झालंय ते. पाचवा गिअर. पुढे बोगदा, दिवे लावले. बोगद्यात ओव्हरटेक नाही. मागून लाल गाडी घाई करतेय, करू दे. बोगदा संपला. उजवीकडे शा—

लेक : बाबा?

लेक : बाबा, इकडे बघा. ऐकू येतंय का? बाबा!

जावई : घाबरू नकोस. मोजतोय मी. चार. पाच.

लेक : अरे, डोळे उघडे आहेत. पापणी हलत नाहीये यांची.

जावई : सहा. सात.

लेक : बाबा! अहो बाबा!

सासरे : —ळेची पाटी, वेग कमी करतो... अरे! अरे, अरे, परत! परत उडी! झाडावर नेला ट्रक! बघितलंस ना पोरी? आता तरी... तू रडतेस का?

लेक : बाबा, तुम्ही थांबला होतात.

सासरे : तूही?

लेक : मी समोर होते. तुमच्या डोळ्यांसमोर हात हलवला.

सासरे : शिकवलंय तुला त्यानं. वरून ठरवून आलात दोघं.

लेक : चिंगी सांगायची, आणि मी हसायचे. ‘आई, आजोबा स्टॅच्यू खेळतात. हाक मारली तरी हलत नाहीत, मग एकदम हलतात.’ मला वाटायचं, इथे दिवाणखान्यात खेळत असाल. मी कधी विचारलंच नाही, की कुठे.

सासरे : कुठे काय?

लेक : परवा म्हणाली, ‘गाडीत खेळतात.’ तेव्हाही मी हसण्यावारी नेलं.

सासरे : लहान आहे ती. काहीही बोलते.

जावई : बाबा, रेकॉर्डिंग ऐका.

सासरे : मला काही ऐकायचं नाही.

जावई : तुम्हीच म्हणालात, लावा. लावाच, म्हणालात.

(कॉम्प्युटरमधून सासऱ्यांचाच आवाज येतो : ‘...करू दे. बोगदा संपला. उजवीकडे शा’. मग नुसती इंजिनाची घरघर, आणि त्यावर लेकीच्या हाका.)

सासरे : ही हाक तू कधी मारलीस?

लेक : आत्ता, बाबा.

सासरे : पाच हाका आहेत.

लेक : हो.

सासरे : मागे घ्या. पुन्हा लावा.

जावई : बाबा, राहू द्या.

सासरे : लावा म्हणतो ना! ‘उजवीकडे शा’... आणि हा इथे ‘ळेची पाटी’. एक शब्द आहे हा. मी एकच शब्द बोललो. त्याच्या पोटात एवढं सगळं कुठून आलं? तुम्ही आकडे मोजताय, ही रडतेय. हे माझ्या शब्दात कधी घुसलं? आणि रेघ?

जावई : सरळ आहे. पूर्ण वेळ.

सासरे : किती सेकंद?

जावई : नऊ.

सासरे : नऊ. पन्नासच्या वेगानं नऊ सेकंद म्हणजे सव्वाशे मीटर. कोपऱ्यापासून शाळेच्या दारापर्यंत सव्वाशेच मीटर आहे. तेवढं अंतर गाडी कोण चालवत होतं?

लेक : डॉक्टरांना दाखवू. यावर औषध असेल, बाबा. आज संध्याकाळीच जाऊ.

सासरे : जाऊ. ते जाऊच. आधी मला त्या पोरीचं सांग. भ्यायली होती का ती?

लेक : नाही. तिला खेळच वाटत होता.

सासरे : खेळ. खूश झालात, जावईबापू?

जावई : नाही.

सासरे : व्हायला हवं होतं. जिंकलात तुम्ही.

जावई : केबल मीच चुकीची लावली होती. ती बरोबर लावली असती, तर उड्या दिसल्यावर तुम्ही मशीनवर संशय घेतला नसतात. हे कधीचंच कळलं असतं. मी कशाला खूश होऊ?

सासरे : किती वाजले?

लेक : पावणेबारा.

सासरे : गाडीची चावी दाराशी खिळ्याला आहे. घ्या.

जावई : मी व्हॅन काढतो.

सासरे : व्हॅन नको. तिला आपल्या गाडीची सवय आहे. पुढच्या खणात तिची बाटली असते. चावी घ्या म्हणतो ना.

लेक : तुम्ही घरी थांबता का, बाबा?

सासरे : मी येतो. ती दारात येऊन ड्रायव्हर शोधेल. नवा ड्रायव्हर आलाय हे तिला कोणीतरी सांगायला नको?

लेक : मग सावकाश जा दोघं. आणि भांडू नका.

जावई : पुढे बसा, बाबा. बेल्ट लावून देतो.

सासरे : नाही. मागे.

जावई : मागे कशाला? पुढची सीट रिकामीच आहे.

सासरे : ज्याचं बोलणं थांबलं तो मागे बसतो. मोठ्या साहेबांच्या भाच्याला सूट दिली नव्हती मी. दार लावा.

जावई : ठीक आहे.

सासरे : सीट थोडी मागे घे. तुझे पाय लांब आहेत. आरसा बघ. क्लच मऊ आहे, एकदम सोडू नकोस.

जावई : हो.

सासरे : नुसतं ‘हो’ नको. बोलत चालवायचं.

जावई : आरसा बघितला. गाडी सुरू. पहिला गिअर. फाटक उघडं आहे, खांब डावीकडे, हातभर लांब. रस्ता दोन्ही बाजूंनी मोकळा. सायकलवाला कोणी नाही.

सासरे : त्या दिवशीही नव्हता. पुढे बोल.